बेवारसांचे पळसखेड

बुलढाणा जिल्ह्याच्या चिखली तालुक्यात पळसखेड सपकाळ नावाचे गाव आहे. रस्त्यावर भटकणाऱ्या बेवारस मनोरुग्णांना तेथील सेवा संकल्प प्रतिष्ठानात आसरा मिळतो. नंदकुमार आणि आरती पालवे या दांपत्याने हे काम उभे केले. गावोगावी ‘वेडा’ म्हणून हाकलल्या गेलेल्यांना येथे न्हाऊमाखू घातले जाते, औषधपाणी होते आणि घराचा पत्ता लागला तर घरी पोहोचवले जाते.

माणूस असा रस्त्यावर येतो तो बहुधा आजारावर उपचार न झाल्यामुळे. स्किझोफ्रेनियात कानात आवाज येतात, आपलीच माणसे जिवावर उठली आहेत असे वाटू लागते. मग तो घर सोडतो आणि मिळेल त्या गाडीत बसतो. मुंबई–हावडा लोहमार्ग या जिल्ह्यातून मलकापूर, नांदुरा, शेगाव असा जातो; त्यामुळे दूरच्या राज्यातला माणूस येथे उतरला तर नवल नाही. त्याची भाषा कोणाला कळत नाही आणि लोक लांबूनच जातात.

मनोविकार या मुलुखाला नवे नाहीत. पिंपळगाव सराईजवळ सैलानी बाबांचा दर्गा आहे. ‘बाहेरची बाधा’ झाली या समजुतीने हिंदू आणि मुसलमान दोन्ही समाजांतली कुटुंबे आपल्या माणसाला तेथे आणतात. यात्रेत नारळांची होळी पेटते. या कुटुंबांना अडाणी म्हणून मोकळे होता येते, पण ते न्यायाचे नाही. राज्याची जुनी मनोरुग्णालये ठाणे, येरवडा, रत्नागिरी आणि नागपूर अशी चारच, आणि नागपूरही चिखलीपासून तीनशे किलोमीटरहून लांब. दर्गा जवळचा, शिवाय तेथे कोणी कागद मागत नाही. नुसत्या श्रद्धेवर सोडण्यातला धोका मात्र तमिळनाडूतील एरवाडी या दर्ग्याच्या गावी 6 ऑगस्ट 2001 रोजी लागलेल्या आगीत दिसला. साखळीने बांधलेले रुग्ण पळू शकले नाहीत; 28 जण गेले. गुजरातेत उनावा येथील मीरा दातार दर्ग्यात पुढे ‘दवा आणि दुआ’ असा मार्ग निघाला: मुजावर रुग्णाला डॉक्टरकडेही पाठवतात.

रस्त्यावरून आणलेल्या माणसाच्या बाबतीत मनाचा इलाज नंतर येतो. आधी जटा कापाव्या लागतात, अंघोळ घालावी लागते. जखमा चिघळून त्यांत अळ्याही पडलेल्या असतात; त्या काढून मलमपट्टी होते. भ्रम कमी करणाऱ्या गोळ्यांचा पुरता गुण यायला काही आठवडे जातात. तोवर शिवीगाळ होते, फेकलेले ताट पुन्हा वाढावे लागते. गोळी आणि माया यांतली एक पुरते असे कोणी म्हणत असेल, तर त्याने हे काम केलेले नाही. मग कधीतरी रुग्ण नाव सांगतो, गावाजवळची नदी किंवा शाळा सांगतो, आणि त्या धाग्यावरून तिथल्या पोलीस ठाण्याशी संपर्क होतो.

कायदाही या कामाच्या बाजूने आहे. 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम 100 प्रमाणे भटकणाऱ्या मनोरुग्णाला संरक्षणात घेणे हे ठाणेदाराचे कर्तव्य आहे. त्याला 24 तासांच्या आत सरकारी रुग्णालयात न्यायचे असते, कोठडीत ठेवता येत नाही, आणि कुटुंबाचा शोधही पोलिसांनी घ्यायचा असतो. साखळीने बांधण्यास कलम 95 ने बंदी आहे.

घर सापडले म्हणजे सगळे सुटले असे नाही. वर्षांनुवर्षे मेला समजलेला मुलगा दारात उभा राहतो तेव्हा गाव लोटते. पण बरी झालेली बाई परतते तेव्हा नवऱ्याने दुसरा संसार मांडलेला असू शकतो, आणि माहेरी भावजय काय म्हणेल हा प्रश्न असतोच. घरच्यांना गोळ्यांचे वेळापत्रक समजावून द्यावे लागते, कारण बरे वाटले की औषध बंद करायची घाई होते आणि आजार उलटतो. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमात ही औषधे मोफत मिळतात. ज्यांना घरी कोणी घेत नाही, त्यांचा मुक्काम संस्थेतच राहतो.