शब्दसंस्करण कार्यक्रम, जुने

संगणकावर मजकूर लिहिणे, त्यात फेरफार करणे, तो साठविणे व छापणे यांसाठी १९७८ ते २००० या काळात प्रचारात आलेले आणि पुढे निर्मात्यांनी सोडून दिलेले किंवा आमूलाग्र बदललेले कार्यक्रम. वर्डस्टार, वर्डपरफेक्ट, मायक्रोसॉफ्ट वर्डच्या आरंभीच्या आवृत्त्या आणि भारतीय लिप्यांसाठी तयार झालेले जिस्ट, आयएसएम, श्री-लिपी, आकृती इ. संच यांचा या वर्गात समावेश होतो. त्यांपैकी काहींचा वापर आजही होतो. परंतु त्यांचे खरे महत्त्व वेगळे आहे. सुमारे वीस वर्षांतील पत्रव्यवहार, हस्तलिखिते, कार्यालयीन कागदपत्रे व पुस्तकांच्या मुद्रणप्रती या कार्यक्रमांच्या स्वरूपात साठविलेल्या असून ते स्वरूप वाचता आले नाही, तर तो मजकूर असूनही नसल्यासारखाच होतो.

पडद्यावर दिसणारा मजकूर आणि तबकडीवर साठविलेला मजकूर एकच असतात, अशी सामान्य समजूत आहे. ती बरोबर नाही. तबकडीवर केवळ ० ते २५५ या मर्यादेतील संकेतांकांची मालिका असते. तीत अक्षरांच्या जोडीला ओळ कोठे मोडावी, ठळक ठसा कोठे सुरू व्हावा यांसारख्या सूचनाही असतात. त्या सूचना कोणत्या रीतीने लिहावयाच्या, हे प्रत्येक निर्मात्याने स्वतंत्रपणे ठरविले. जुन्या कार्यक्रमांतील बहुतेक बिघाड या छुप्या सूचनांतून उद्‌भवतात आणि त्या कार्यक्रमांचे सामर्थ्यही त्यांच्यातच असते.

वर्डस्टार : सीमोर रुबिनस्टाइन यांच्या मायक्रोप्रो इंटरनॅशनल या कंपनीने हा कार्यक्रम १९७८ साली सीपी/एम या प्रचालन प्रणालीसाठी विक्रीस आणला. त्याची मूळ रचना रॉब बार्नबी यांची होती. १९८२ मध्ये तो एमएस-डॉसवर आला आणि १९८७ मध्ये त्याची चौथी आवृत्ती निघाली. डॉससाठीची सातवी आवृत्ती ही त्या मालिकेतील शेवटची ठरली. बाणांच्या कळा नसलेल्या कळफलकांसाठी तो लिहिलेला असल्यामुळे सर्व आज्ञा कंट्रोल कळ व अक्षर यांच्या जोडीने देण्यात येतात. इंग्रजी ई, एस, डी, एक्स ही अक्षरे कळफलकावर चौकटच्या आकारात येतात. त्यांनी दर्शक अनुक्रमे वर, डावीकडे, उजवीकडे व खाली सरकतो. बोटे अक्षरांवरून हलवावी लागत नाहीत, हा या योजनेचा मोठा गुण होय. अमेरिकन कादंबरीकार जॉर्ज आर. आर. मार्टिन यांनी आपण वर्डस्टारच्या चौथ्या आवृत्तीवरच लिहितो, असे २०१४ मध्ये सांगितले होते. कॅनडातील विज्ञानकथालेखक रॉबर्ट जे. सॉयर यांनी २०२४ मध्ये सातव्या आवृत्तीचा पुस्तिकांसह संपूर्ण संच सर्वांसाठी खुला केला.

या कार्यक्रमात मजकुराच्या भागाचा आरंभ व शेवट वेगवेगळ्या आज्ञांनी खुणावला जातो आणि लेखक दुसरीकडे जाऊन लिहू लागला, तरी ती खूण कायम राहते. हस्तलिखितावर पेन्सिलीने कंस करून ठेवण्यासारखेच हे आहे. ओळीच्या आरंभी दोन टिंबे दिली, तर ती ओळ छापली जात नाही. त्यामुळे लेखकाला स्वतःसाठीची टिपणे मजकुरातच ठेवता येतात. एका टिंबाने सुरू होणाऱ्या आज्ञांनी पृष्ठाची लांबी, समास, शिरोलेख इ. ठरतात. मात्र टिंब ओळीच्या अगदी पहिल्या स्थानी असावे लागते. ते एक घर जरी सरकले, तरी आज्ञा पाळली न जाता जशीच्या तशी छापली जाते. छापील प्रतीत विचित्र सांकेतिक ओळी आढळल्यास प्रथम हेच तपासावे.

वर्डस्टारची जुनी फाइल आजच्या कार्यक्रमात उघडली असता जवळजवळ प्रत्येक शब्दाचे शेवटचे अक्षर बिघडलेले दिसते. पुष्कळांना ही तबकडीची खराबी वाटते. वस्तुतः फाइल निर्दोष असते. इंग्रजी अक्षरांना सात बिट पुरतात. उरलेला आठवा बिट वर्डस्टारने स्वतःच्या खुणांसाठी वापरला आणि शब्दाच्या अखेरच्या अक्षरावर तो चढविला. उदा., इंग्रजी लहान ‘ई’चा संकेतांक १०१ आहे, शब्दाच्या शेवटी त्यात १२८ मिळविले जाऊन तो २२९ होतो व पडद्यावर भलतेच चिन्ह उमटते. यावर उपाय म्हणजे १२७ च्या वरील प्रत्येक संकेतांकातून १२८ वजा करणे. परंतु हा उपाय सरसकट केल्यास दुसरे नुकसान होते. कार्यक्रमाने आपण होऊन मोडलेल्या ओळीच्या शेवटी १४१ व १० ही जोडी असते, तर लेखकाने परिच्छेद संपविला असेल तेथे १३ व १० ही असते. १४१ मधून १२८ वजा केले की १३ उरतात. म्हणजेच दोहोंतील भेद नाहीसा होतो आणि प्रत्येक ओळ स्वतंत्र परिच्छेद बनते. यास्तव आधी १४१-१० या जोडीच्या जागी एक मोकळी जागा घालावी, समास जुळविण्यासाठी घातलेल्या १६० संकेतांकाच्या मोकळ्या जागा काढून टाकाव्यात आणि मगच वजाबाकी करावी. परिच्छेद मूळ रूपात टिकवावयाचे, तर हा क्रम चुकवून चालत नाही.

जागेचा तुटवडा हा वर्डस्टारच्या काळातला नित्याचा त्रास होता. फाइल साठविताना मूळ प्रत, तिची राखीव प्रत आणि नवी प्रत यांसाठी तबकडीवर एकाच वेळी जागा लागे. ३६० किलोबाइटांच्या लवचिक तबकडीवर मोठे प्रकरण लिहिताना ती अपुरी पडली, की दिवसभराचे काम अडकून बसे. प्रकरणांच्या छोट्या फाइली करणे हाच त्यावरचा शहाणपणाचा मार्ग होता. राखीव प्रत कार्यक्रम थेट संपादनासाठी उघडू देत नाही. तिचे नाव बदलले की ती उघडते व गमावलेला मजकूर पुष्कळदा हाती लागतो.

वर्डपरफेक्ट : ब्रिगॅम यंग विद्यापीठाशी संबंधित ॲलन ॲश्टन व ब्रूस बॅस्टियन यांनी हा कार्यक्रम यूटा राज्यातील ओरेम शहराच्या प्रशासनासाठी प्रथम एका लघुसंगणकावर रचला. डॉससाठी तो १९८२ मध्ये आला. १९८९ ची ५.१ ही आवृत्ती विशेष गाजली व वकिलांच्या कार्यालयांत ती दीर्घकाळ टिकून राहिली. छुप्या सूचना उघड करून दाखविण्याची सोय हे त्याचे वैशिष्ट्य होय. आल्ट व एफ-३ या कळा दाबल्या असता पडद्याचा खालचा भाग वेगळा होऊन तेथे मजकुरासोबत प्रत्येक सूचना चौकटी कंसात दिसते. समास एकाएकी बदलणे, ठळक ठसा न थांबणे, पान मध्येच तुटणे यांसारख्या तक्रारींचे कारण तेथे डोळ्यांना दिसते आणि ती एक सूचना पुसली की दोष जातो. शोध व बदल ही आज्ञा अक्षरांप्रमाणेच सूचनांवरही चालते. त्यामुळे अनेक हातांतून गेलेल्या मसुद्यातील निरुपयोगी सूचना एका फेरीत काढता येतात. नंतरच्या काळातील अनेक कार्यक्रमांनी ही पारदर्शकता सोडून दिली, हे त्यांच्या सौंदर्याचे मोल फार महाग पडल्याचेच लक्षण म्हणावे लागेल. वीज गेल्यानंतर कार्यक्रम पुन्हा सुरू केला असता जुनी राखीव प्रत अस्तित्वात असल्याचा इशारा येतो. त्या वेळी ती पुसण्याऐवजी तिला नवे नाव द्यावे.

मायक्रोसॉफ्ट वर्ड : १९८३ मध्ये डॉससाठी व १९८९ मध्ये विंडोजसाठी आलेल्या या कार्यक्रमामागे झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात तयार झालेल्या ब्राव्हो या कार्यक्रमाचा अनुभव होता; चार्ल्स सिमोनी यांनी दोन्हींवर काम केले. वर्डमध्ये परिच्छेदाचे सर्व रूप त्याच्या शेवटच्या खुणेत साठविलेले असते. ती खूण पुसली गेली, तर परिच्छेद पुढच्या परिच्छेदाचे रूप घेतो. संपूर्ण दस्तऐवजाची पुष्कळ माहिती अगदी शेवटच्या खुणेशी निगडित असते. म्हणून बिघडलेल्या दस्तऐवजातील शेवटची खूण वगळून बाकीचा मजकूर नव्या फाइलीत उतरविला, की अनेकदा बिघाड मागे राहतो. सर्वच नव्या दस्तऐवजांत एकच दोष दिसू लागला, तर तो ‘नॉर्मल’ या मूळ साच्यात असण्याचा संभव असतो. त्या साच्याचे नाव बदलले असता कार्यक्रम कोरा साचा स्वतःच तयार करतो. जुन्या आवृत्त्यांतील जलद साठवणुकीच्या सोयीमुळे बदल फाइलीच्या शेवटी जोडले जात व पुसलेला मजकूर आत तसाच राही. गुप्त कागदपत्रांच्या दृष्टीने हा दोष होता; पण हरवलेला परिच्छेद शोधणाऱ्याला तोच उपकारक ठरला. मायक्रोसॉफ्टने या द्विमान स्वरूपांचे तपशील २००८ मध्ये जाहीर केले आणि त्यानंतर ती वाचणे इतरांनाही सुकर झाले.

आजच्या संगणकावर वापर : विंडोजच्या ६४-बिट आवृत्त्यांवर डॉसचे १६-बिट कार्यक्रम चालत नाहीत. त्यासाठी जुन्या संगणकाची नक्कल करणारा डॉसबॉक्ससारखा कार्यक्रम वापरतात. मुद्रणासाठी वर्डपरफेक्ट ५.१ किंवा वर्डस्टार ७ मध्ये पोस्टस्क्रिप्ट मुद्रक निवडून छापील मजकूर फाइलीत उतरवावा व मग तो पीडीएफ रूपात बदलावा. लवचिक तबकड्या वाचण्यापूर्वी त्यांवर लेखनबंदी करणे आवश्यक असते. ५¼ इंची तबकडीची खाच झाकावी लागते, तर ३½ इंचीची खिडकी उघडी ठेवावी लागते. या उलटसुलट पद्धतीमुळे चूक होण्याचा संभव असतो. आर्द्र हवेत ठेवलेल्या तबकड्यांवर बुरशी चढते व ती वाचकयंत्राच्या शीर्षाला चिकटून पुढच्या तबकड्यांनाही अपाय करते. म्हणून आधी पाहणी करून, संपूर्ण तबकडीची प्रतिमा एकदाच घ्यावी आणि पुढचे सर्व काम त्या प्रतिमेवर करावे.

देवनागरी मजकूर : मराठीच्या बाबतीत वरील सर्व अडचणींत आणखी एकीची भर पडते. पुण्याच्या प्रगत संगणन विकास केंद्राने (सी-डॅक, स्थापना १९८८) प्रसारित केलेल्या जिस्ट तंत्रात संगणकात एक जादा पत्र बसवून डॉसच्या नेहमीच्या कार्यक्रमांत देवनागरी लिहिता येई. त्यासाठी इस्की ही संकेतप्रणाली वापरली जाई व १९९१ मध्ये तिला भारतीय मानक १३१९४ म्हणून मान्यता मिळाली. तीत इंग्रजी अक्षरे १२७ पर्यंतच्या स्थानांवर कायम ठेवून भारतीय अक्षरे १६१ पासून पुढे बसविली आहेत. म्हणजेच वर्डस्टारने खुणांसाठी घेतलेला आठवा बिट येथे अक्षराचाच भाग आहे. इंग्रजी फाइलीला तारक ठरणारी १२८ ची वजाबाकी इस्की मजकुरावर केली, तर तो कायमचा नष्ट होतो. ‘क’चा संकेतांक १७९ आहे, वजाबाकीनंतर ५१ उरतात व तो इंग्रजी ३ या अंकाचा संकेतांक आहे. फाइल कोणत्या प्रणालीतील आहे, याची खात्री झाल्यावाचून तिला हात लावू नये.

इस्कीत निदान अक्षरांचा उच्चारक्रम पाळलेला होता. विंडोजचा प्रसार झाल्यावर प्रकाशने व कार्यालये यांत रूढ झालेल्या फाँटांनी तोही सोडला. इंग्रजी अक्षरांच्या जागी त्यांनी देवनागरीचे आकार बसविले. उपलब्ध स्थाने दोनशेच्या आसपास असल्यामुळे अक्षरांचे तुकडे करावे लागले. पुष्कळ फाँटांत ‘ग’ म्हणजे अर्धा ‘ग्’ व काना असे दोन संकेतांक असतात. ऱ्हस्व वेलांटी डोळ्यांना आधी दिसते म्हणून आधी साठविली जाते, आणि ‘मूर्ती’मधील रफार ‘ती’नंतर येतो. संगणकाच्या दृष्टीने हा मजकूर निरर्थक इंग्रजी अक्षरांची रांग असतो. त्यात मराठी शब्द शोधता येत नाही, अकारविल्हे लावता येत नाही. फाँट काढून टाकला की वाचताही येत नाही. शिवाय वर्डमधील वाक्यारंभी मोठे अक्षर करण्याची आपोआप चालणारी सोय अशा मजकुरात मराठी अक्षरच बदलून टाकते. ती सोय प्रथम बंद करावी.

युनिकोड या जागतिक प्रणालीत देवनागरीला १९९१ मध्ये इस्कीच्या धर्तीवर स्थान मिळाले व विंडोज २००० पासून सर्वसामान्य संगणकांवर तिचा वापर शक्य झाला. जुना मजकूर तीत आणण्यासाठी प्रत्येक फाँटाची स्वतंत्र तुलनासारणी लागते. एकाच निर्मात्याच्या निरनिराळ्या काळांतील फाँटांतही आकारांची स्थाने बदललेली आढळतात. त्यामुळे रूपांतरापूर्वी मजकूर साध्या स्वरूपात साठविण्याची घाई करू नये. तसे केल्यास फाँटाचे नाव निघून जाते, मराठी कोणते व मूळचे इंग्रजी कोणते हे ओळखता येत नाही आणि पुढे दोन्हींचे एकत्रच रूपांतर होऊन इंग्रजी शब्दांचा चुथडा होतो. फाँटाचे नाव टिकविणाऱ्या आरटीएफसारख्या स्वरूपात आधी प्रत काढणे हितावह होय.

हिंदीसाठी तयार केलेल्या रूपांतर कार्यक्रमांत मराठीची एक हानी ठरलेली असते. चंद्रकोरीसारखा अर्धा ‘ऱ्’ त्यांना ठाऊक नसल्यास तो रफार बनतो आणि ‘दऱ्या’चा ‘दर्या’ होतो. डोंगरांमधील दऱ्यांच्या जागी समुद्र येतो. ‘आचाऱ्यांना’ व ‘आचार्यांना’ यांतील फरकही असाच लोपतो. शब्द दोन्ही बाजूंनी शुद्ध असल्यामुळे शुद्धलेखन तपासणारा कार्यक्रम ही चूक पकडत नाही. ‘ळ’, ‘ऑ’, अवतरणचिन्हे व जोडाक्षरे यांचीही तपासणी मूळ मजकूर शेजारी ठेवूनच करावी लागते. फाँटच हरवला असेल, तर त्या फाइलीची एखादी जुनी छापील प्रत मिळविणे हा उरलेला मार्ग आहे. छापील अक्षर व फाइलीतील संकेतांक एकेक करून जुळवीत गेल्यास काही पृष्ठांतच बहुतेक सारणी सिद्ध होते व तिच्या आधारे त्याच फाँटातील इतर फाइलीही वाचता येतात.