पोरकें लेंकरूं आणि ख्रिस्ती मंडळी

आईबाप गेलेलें मूल पाहिलें म्हणजे दयाळू माणसाच्या मनांत प्रथम विचार येतो तो अनाथाश्रमाचा. महाराष्ट्रांतील ख्रिस्ती मंडळींस तर हा विचार परंपरेनेंच आलेला आहे. १८९६-९७ च्या दुष्काळांत पंडिता रमाबाई मध्यप्रांतांत गेल्या आणि अन्नान्न दशा झालेल्या शेंकडों मुलींना त्यांनीं पुणें जिल्ह्यांतील केडगांवीं आणलें. १९०० च्या दुष्काळांत ही संख्या पुष्कळच वाढली. तेथें मुलींना नुसतें अन्न मिळालें नाहीं; विणकाम, छापखाना, शेती असे पोट भरण्याचे उद्योगही त्या शिकल्या. गांवें ओस पडलेलीं, नातलग मेलेले किंवा परागंदा झालेले. अशा वेळीं मोठी वसतिगृहें उघडण्यावांचून गत्यंतर नव्हतें.

आज सातारा-सांगलीकडील पोरक्या मुलाची स्थिति बहुधा निराळी असते. बाप वारला तरी आई असते; दोघें गेलीं तरी आजी असते, मामा असतो. २०२०-२१ च्या करोनाच्या साथींत जीं मुलें उघडीं पडलीं, त्यांतील बहुतेकांचें एक पालक हयात होतें. आजी नातवंडांस संस्थेंत ठेवावयास निघते, ती माया आटली म्हणून नव्हे; डब्यांतलें पीठ संपलेलें असतें आणि वह्यापुस्तकांस पैसा नसतो. मग भाऊ एका संस्थेंत व बहीण दुसरींत, अशी ताटातूट होते. जितका खर्च या दोघांस संस्थेंत पोसण्यास लागतो, तितक्यांत आजीचें घर सुखानें चालेल, हें मात्र कोणी हिशेब मांडून पाहात नाहीं!

२०१५ च्या बालन्याय कायद्यानेंही संस्था हा शेवटचा उपाय मानला आहे. निराधार मूल आढळल्यास चोवीस तासांच्या आंत पोलीस, बालकल्याण समिति किंवा १०९८ या दूरध्वनीवर कळविलें पाहिजे. पाळकांनीं सद्भावनेनें का होईना, तें परस्पर कोणाच्या ओटींत घालूं नये. नोंदणीवांचून बालगृह चालविणें हा तर गुन्हाच आहे.

मग मंडळीनें करावें काय? राज्याची बालसंगोपन योजना आहे. २०२३ सालीं तिची रक्कम दरमहा २,२५० रुपये करण्यांत आली. परंतु मृत्यूचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, बँकेचें खातें, यांच्या फेऱ्यांत निरक्षर आजी थकून जाते. सातारा, वाई, सांगली, मिरज येथील मंडळ्यांत निवृत्त शिक्षक व कारकून थोडे नाहींत. त्यांपैकीं एकानें तिच्याबरोबर कचेरींत जावें, ही मदत शिधा देण्याहून मोठी ठरते. शिधाही द्यावा, पण मदतीच्या मोबदल्यांत उपासनेस येण्याची अट घालूं नये. भुकेल्या मुलाचा होकार हा होकारच नव्हे.

हिवाळ्यांत ऊसतोडीस बीडकडून टोळ्या येतात. त्यांची मुलें फडाच्या कडेला पालांत राहतात, तान्ह्या भावंडांस सांभाळतात, आणि शाळा सुटते ती सुटतेच. आठवड्याचे सहा दिवस कुलूप असलेलें सभागृह त्यांच्यासाठीं दुपारीं उघडतां येईल. मात्र मुलांजवळ नेहमीं दोघे प्रौढ असावेत, आणि कांहीं अनुचित घडल्यास तें मंडळीच्या अब्रूसाठीं झांकूं नये. २०१२ च्या कायद्यान्वयें तें पोलिसांस कळविणें बंधनकारक आहे.

जें मूल संस्थेंत वाढलें, त्याची खरी परीक्षा अठरावें वर्ष लागतांच होते. खोली भाड्यानें घ्यावी तर जामीन कोण राहणार? ताप आला तर पेज कोण करणार? आणि नाताळच्या दिवशीं वसतिगृह मागें सुटलेल्या त्या पोरानें जेवावयास जावें कोणाकडे?