तिघांची मैफल

आमच्याकडे जॅझ म्हटले की पितळी वाद्यांचा गलबला, असाच समज बहुधा आढळतो. वस्तुतः तीनच वादकांनी, पूर्वनियोजित बंदोबस्त अल्प ठेवून, श्रोत्यांसमक्ष रचना घडवीत नेणे हा त्या संगीताचा अत्यंत सूक्ष्म प्रकार होय. गिटारवादक जॉन मॅक्लॉफ्लिन, बासवादक काय एकहार्ट आणि ठुमरीगायिका शोभा गुर्टू यांचे चिरंजीव, मुंबईचे त्रिलोक गुर्टू, यांनी नोव्हेंबर १९८९मध्ये लंडनच्या रॉयल फेस्टिव्हल हॉलमध्ये केलेले वादन, जे ध्वनिमुद्रित स्वरूपात उपलब्ध आहे, हा त्याचा नामी दाखला.

आरंभी मूळ धून मांडली जाते; नंतर तिच्या स्वरसंगतींचे चक्र तालाच्या आवर्तनाप्रमाणे फिरत राहते, आणि त्या चौकटीत प्रत्येकास आपले म्हणणे मांडण्याची मुभा असते. गुर्टू उंच आसन वर्ज्य करून जमिनीलगत बसतात. हाताशी तबला, भोवती ढोल व झांजा, आणि शेजारी पाण्याची बादली! झंकारणारी तबकडी तीत बुडविताच पाण्याच्या भाराने कंपने मंदावतात व स्वर मिंडेसारखा खाली घसरतो. कथानकात अकस्मात संध्याकाळ व्हावी, तसा हा परिणाम. मध्येच दाक्षिणात्य कोन्नक्कोल, म्हणजे मुखाने उच्चारलेले तालाचे बोल, यांत सवालजवाब रंगतो.

बासकडे सामान्य श्रोत्याचे दुर्लक्ष होते, हे अन्यायाचे आहे. इतर दोघे दूर भटकले असता चक्राचा हिशेब बहुतांशी तोच राखतो.