खासदारांना जगाचाही प्रश्न विचारा

माहीम-पालघरकर खासदारांकडे रस्ता, पाणी, लोकल मागतात, मागावेच. पण लष्करी ताब्याचा प्रश्नही आपल्याला परका नाही. आपल्या जिल्ह्याला लागून असलेले दादरा-नगर हवेली 1954 पर्यंत पोर्तुगीजांकडे होते. मुक्तिसैनिकांनी ते सोडवले. तेथे भारतातून सैन्य नेण्याचा हक्क पोर्तुगालने हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात मागितला. 12 एप्रिल 1960 रोजी निकाल लागला: सैन्य, सशस्त्र पोलीस व शस्त्रे नेण्याचा हक्क नाही. भारताने वाट अडवली, त्यात कायदेभंग झाला नाही.

असा कायदा आजही दुबळ्यांचा आधार आहे. 1949 च्या चौथ्या जिनिव्हा करारानुसार ताबा घेणाऱ्या देशाला व्याप्त प्रदेशात आपले नागरिक वसवता येत नाहीत. भारत या करारात सामील आहे. संविधानाचे कलम 51 आंतरराष्ट्रीय कायद्याचा आदर वाढवण्यास सांगते. बाबासाहेबांनीही 26 ऑगस्ट 1954 रोजी राज्यसभेत तिबेट व गोव्याच्या प्रश्नावर सरकारी धोरणाची परखड चिकित्सा केली होती.

म्हणून बंधुभगिनींनो, नुसत्या निषेधावर थांबू नका. प्रदेशाचे नाव व कराराचे कलम लिहून, सह्यांचे निवेदन खासदारांना द्या. ‘सरकारची भूमिका काय, हे आपण लोकसभेत विचाराल का?’ एवढेच विचारा, आणि उत्तर लेखी मागा.