थोरांच्या गोष्टी आधी आपल्या घरात



बैठकीत हा विषय निघाला की काही जणी म्हणतात, "थोर माणसांच्या गोष्टी शाळेत सांगतातच की. आम्ही कुठं एवढं शिकलोय?" पण शाळेतला धडा परीक्षेपुरता पाठ होतो. भाकरी थापता थापता आईनं सांगितलेलं मात्र पोरांच्या मनात राहतं. त्यासाठी फार शिकायला लागत नाही. एवढं ध्यानात ठेवा.

१. जवळून सुरुवात करा. १४ ऑगस्ट १९४२ ला 'चले जाव'च्या लढ्यात पालघरच्या कचेरीवर तिरंगा लावायला मोर्चा गेला. पोलिसांनी गोळीबार केला आणि पाच जण हुतात्मा झाले. पागधरे, ठाकूर, चुरी, तिवारी, मोरे ही त्यांची आडनावं. अशी आडनावं आपल्या आसपासही आहेत. विरारहून डहाणू लोकलनं पालघरला उतरा आणि मुलांना हुतात्मा स्तंभ दाखवा. थोर माणसं आपल्यासारख्याच घरांतून येतात, हे त्यांना तिथं आपोआप कळेल.

२. गोष्टीतून द्वेष पेरू नका. मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांच्या फौजेनं वसईचा किल्ला पोर्तुगीजांकडून जिंकला. बुरुजाखाली सुरुंग लावले, कितीतरी माणसं कामी आली. हे शौर्य जरूर सांगा. पण तह झाल्यावर हरलेल्या शत्रूला बायकापोरांसह सुखरूप जाऊ दिलं, हेही सांगा. पुष्कळदा हेच सांगायचं राहून जातं. आपल्या वसईत ख्रिस्ती शेजारी आहेत, मुलांच्या वर्गात त्यांची मुलं आहेत. लढाई परक्या सत्तेशी होती, शेजाऱ्याशी नव्हे. हे आईनं सांगितलं नाही, तर मूल वर्गमित्रालाच शत्रू समजू लागेल.

३. बाईची गोष्टही सांगा, आणि ती मुलग्यांनाही ऐकवा. सावित्रीबाई फुले १८४८ पासून पुण्यात मुलींना शिकवत होत्या. लोक अंगावर शेण-चिखल टाकायचे, म्हणून त्या जास्तीचं लुगडं सोबत ठेवायच्या. १८९७ च्या प्लेगात आजारी मुलाला पाठीवर घेऊन त्या दवाखान्यात गेल्या. त्यातच त्यांना प्लेग झाला आणि त्या गेल्या. तलवार न धरताही शूर होता येतं, हे यातून पोरांना समजतं.

४. शेवटी एक प्रश्न विचारा. "तू तिथं असतास तर काय केलं असतंस?" मग गप्प बसून ऐका. उत्तर चुकलं तरी रागावू नका.

५. मोबाइलवर आलेलं सगळं खरं धरू नका. शंका आली तर शाळेतल्या बाईंना किंवा गुरुजींना विचारा, वाचनालयात बघा. मुलानं असं काही विचारलं की उत्तर येत नाही, तर "चल, दोघं मिळून शोधू" म्हणा. त्यात कमीपणा नाही.

पुढच्या बैठकीत हप्ते गोळा झाले की प्रत्येकीनं एक गोष्ट सांगायची. आधी एकमेकींना सांगू, मग घरी पोरांना. दहा जणींच्या गटात दहा गोष्टी जमतील.

तुमची,
क्षेत्र समन्वयक