इवल्याशा आगगाडीचा मुलूख

दिवाळीच्या सुट्टीत मातीचा किल्ला केला नाही असे मूल महाराष्ट्रात विरळाच. दगडविटा रचाव्या, त्यांवर गोणपाट पसरावे, चिखल लिंपावा, अळीव किंवा मोहरी पेरून हिरवळ उगवावी आणि शेवटी मावळे मांडावे, हा खेळ आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. परंतु अशा किल्ल्याकडे थोडे बारकाईने पाहा. दरवाज्यातील पहारेकरी दरवाज्याहून दीडपट उंच असतो, तटाखाली चरणारी गाय बुरुजाएवढी असते आणि मोहरीचे रोप मावळ्याच्या डोक्यावरून जाते. खेळ म्हणून यात काही बिघडत नाही. पण ‘हे खरे वाटले पाहिजे’ अशी इच्छा मनात उत्पन्न झाली, की खेळाची कला होऊ लागते. लहान आगगाडीसाठी डोंगर, नद्या, झाडे व घरे यांचा मुलूख उभारणे ही अशीच एक कला आहे.

खेळण्यातील आगगाडी फार जुनी आहे. जर्मनीतील मेर्क्लिन या कारखान्याने १८९१ साली लाइपझिग येथील व्यापारी मेळ्यात किल्लीची गाडी मांडली. तिचे रूळ ठरावीक मापांचे असल्यामुळे जुन्या रुळांना नवे रूळ जोडून मार्ग वाढवता येऊ लागला. पुढे विजेवर चालणारी इंजिने आली. तथापि नुसत्या फरशीवर गोल गोल धावणारी गाडी पोरकी दिसते, असे हौशी लोकांना वाटू लागले. गाडी कोठून तरी निघाली पाहिजे, कोठे तरी गेली पाहिजे आणि वाटेत तिला काही तरी भेटले पाहिजे. म्हणून रुळांभोवती देखावा आला. आपल्या राज्यात पुण्याच्या कोथरूड भागात भाऊसाहेब जोशी यांनी उभारलेले लघुरेल्वे संग्रहालय १९९८ साली लोकांसाठी खुले झाले. त्यात वाफेच्या गाड्यांपासून आधुनिक गाड्यांपर्यंत अनेक प्रकारच्या गाड्या एका छोट्या नगरातून धावतात. सिग्नल, पूल, सर्कशीचा तंबू, पोहण्याचा तलाव अशा अनेक गोष्टी त्या नगरात आहेत.

असा देखावा करताना पहिला प्रश्न येतो तो प्रमाणाचा. जगात सर्वाधिक प्रचलित असलेले प्रमाण १:८७ हे होय. म्हणजे खरी वस्तू जेवढी असेल तिचा सत्त्याऐंशीवा भाग आपण करावयाचा. एकशे सत्तर सेंटिमीटर उंचीचा माणूस येथे सुमारे २ सेंटिमीटरचा होतो. दोन मीटरचा दरवाजा २.३ सेंटिमीटरचा, तर वीस मीटर उंचीचा साग २३ सेंटिमीटरचा होतो. एकदा प्रमाण ठरले, की ते राजापासून रंकापर्यंत सर्वांना सारखे लागू असते. इंजिन बरोबर आणि बैल मोठा, असे झाले तर पाहणाऱ्याचा विश्वास त्याच क्षणी उडतो.

एक गोष्ट मात्र प्रमाणाने बदलत नाही. ती म्हणजे चढ. १८६५ साली खुल्या झालेल्या कसारा घाटात लोहमार्ग प्रत्येक ३७ मीटरमागे १ मीटर चढतो. त्यामुळे जड गाड्यांना तेथे मागून जादा इंजिने जोडावी लागतात. लहान मार्गावरही हा चढ ३७ सेंटिमीटरमागे १ सेंटिमीटर एवढाच राहतो, आणि लहान इंजिनालाही दम लागतो! खालच्या रुळांवरून वरचा मार्ग न्यायचा असेल तर त्याला सुमारे ८ सेंटिमीटर उंच चढवावे लागते. त्यासाठी ८ गुणिले ३७, म्हणजे २९६ सेंटिमीटर लांबी हवी. मेज एवढे लांब नसेल, तर मार्गाला वळणे घालीत डोंगराच्या कडेने चढवावे लागते. सह्याद्रीत लोहमार्ग बांधणाऱ्यांनी हेच केले. डोंगर पाहून मार्ग आखला जातो. म्हणून जाणकार मनुष्य आधी डोंगर, दरी व ओढा कल्पितो आणि मग रूळ टाकतो.

डोंगर कल्पायचा तर डोंगर माहीत हवा. नाशिक जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला, गुजरातच्या सीमेवर सुरगाणा तालुका आहे. या तालुक्यातून लोहमार्ग जात नाही. परंतु सीमेपलीकडे डांग जिल्ह्यातील वघई गावी बिलिमोऱ्याहून एक अरुंद लोहमार्ग येतो. नाशिक जिल्ह्यातील कौळाणे गावी जन्मलेले महाराज सयाजीराव गायकवाड यांच्या बडोदे संस्थानाने, १९१३ सालाच्या सुमारास, तो बांधला. डांगच्या रानातील सागाला या मार्गाने वाट मिळाली. या मार्गाच्या दोन रुळांतील अंतर ७६२ मिलिमीटर आहे. त्याला ८७ ने भागा. उत्तर येते ८.७६. बाजारात ९ मिलिमीटर अंतराचे छोटे रूळ मिळतात, ते या कामाला जवळजवळ तंतोतंत बसतात! मात्र मार्गाची लांबी सुमारे ६३ किलोमीटर आहे. तिचा सत्त्याऐंशीवा भाग ७०० मीटरहून अधिक होतो. एवढे मेज कोणत्या घरात मावणार? म्हणून सगळा मार्ग करण्याचा लोभ सोडावा. डोंगराच्या पायथ्याचे एक स्थानक, एक मोरी आणि एक वळण एवढेच निवडावे. ज्याने आगगाडी क्वचितच पाहिली आहे, पण डोंगर रोज पाहिला आहे, त्या सुरगाण्याच्या मुलाला हे काम शहरातील मुलापेक्षा अधिक चांगले साधेल. कारण सीमेच्या दोन्ही बाजूंचे डोंगर व साग सारखेच आहेत.

नवशिका मनुष्य डोंगर करतो तो शंकूसारखा टोकदार. आपले डोंगर असे नसतात. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी लाव्ह्याचे थर एकावर एक साचून दख्खनचा हा प्रदेश बनला. कठीण थराचा कडा उभा राहिला आणि मऊ थर झिजून त्याचा उतार झाला. त्यामुळे आपल्या डोंगरांना पायऱ्या असतात व माथे बहुधा सपाट असतात. ही रचना आपल्या कामाच्या सोयीचीच आहे. जाड पुठ्ठ्याचे तुकडे, नकाशावरील समोच्च रेषांप्रमाणे, खाली मोठे व वर लहान असे कापून एकावर एक चिकटवावे. जेथे उतार हवा तेथे बांबूच्या कामट्यांची जाळी बसवून तीवर खळीत भिजवलेल्या वर्तमानपत्राचे थर द्यावे. जेथे कडा हवा तेथे पायरी उभीच ठेवावी व प्लास्टरने तिला काताळाचे रूप द्यावे. दिवाळीच्या किल्ल्यातील चिखल येथे चालत नाही. तो वाळला की भेगाळतो आणि मेजाला त्याचे ओझे होते.

मातीसाठी मात्र खरी माती उत्तम. ती वाळवून, बारीक चाळणीने चाळून घ्यावी. त्यानंतर एक काम विसरू नये. मातीवरून लोहचुंबक फिरवावे. आपल्याकडील काळ्या दगडाच्या मातीत चुंबकाला चिकटणारे काळे कण असतात. इंजिनाच्या विजेच्या मोटारीत चुंबक असते. ते हे कण ओढून घेते आणि इंजिन बंद पडते. रुळांखाली पसरलेल्या खडीचे खडे प्रत्यक्षात सुमारे ५ सेंटिमीटरचे असतात, म्हणजे येथे ते जेमतेम अर्ध्या मिलिमीटरहून थोडे मोठे हवेत. रवा तेवढाच असतो, परंतु त्याला मुंग्या लागतात. चाळलेली वाळू बरी. मातीप्रमाणे तिच्यावरूनही चुंबक फिरवावे. खडी पसरली, की पाण्यात पातळ केलेला पांढरा डिंक थेंबाथेंबाने सोडावा. त्यात साबणाचा एक थेंब घालावा, म्हणजे मिश्रण खड्यांवर गोळा न होता आत झिरपते. सांध्यापाशी, जेथे गाडी एका मार्गावरून दुसऱ्यावर जाते, तेथे हात आवरावा. सरकणारा रूळ चिकटला तर सगळे श्रम वाया.

आता झाडे. घोसाळे वेलीवरच वाळू दिले, की आत धाग्यांची जाळी उरते. तिचे तुकडे हिरवे रंगवून वळलेल्या तारेच्या फांद्यांवर बसवले, की झाडाचा विस्तार दिसू लागतो. गवतासाठी काथ्या बारीक कातरावा. परदेशी कारागीर कृत्रिम तंतूंना विजेचा भार देतात. कंगवा केसांवर घासला की कागदाचे कपटे त्याकडे ओढले जातात, तोच हा गुण. त्या भाराने तंतू ओल्या डिंकात ताठ उभे राहतात आणि माळ खराच गवताळ वाटतो.

झाडे लावण्यापूर्वी महिना ठरवावा. फाल्गुनात पळस फुलतो तेव्हा त्याला पाने नसतात, गवत पिवळे पडलेले असते आणि ओढ्याची धार आटू लागते. अशा देखाव्यात भाताचे हिरवेगार खाचर दाखवले तर ते डोळ्यांना खुपते. श्रावण दाखवायचा तर उतारावर नागली व वरई हवी, सागाला रुंद पाने हवीत, मोरीतून गढूळ पाणी हवे. ऋतू एकच ठरवला, की गवताच्या रंगापासून शेतकऱ्याच्या डोक्यावरील इरल्यापर्यंत प्रत्येक गोष्ट आपोआप ठरत जाते.

पाण्याच्या बाबतीत एक मौज आहे. खरे पाणी येथे खोटे दिसते. पाण्याचा थेंब काही सत्त्याऐंशी पटींनी लहान होत नाही. दोन सेंटिमीटरच्या माणसापुढे तो भोपळ्याएवढा दिसेल. शिवाय रुळांत वीज असते, तिच्याजवळ पाणी नकोच. म्हणून ओढ्याचा तळ मध्यभागी गडद व काठाशी फिका रंगवतात आणि त्यावर पारदर्शक रोगणाचे पातळ थर देतात. मागच्या भिंतीवरचे डोंगर फिकट निळसर रंगवावे. कारण दूरच्या वस्तू आपल्याला हवेच्या पडद्याआडूनच दिसतात.

घर करताना कल्पनेवर विसंबू नये. एखादे खरे घर निवडावे. त्याची लांबी, रुंदी, आढ्याची उंची मोजावी. कौलांच्या ओळी मोजाव्या. पावसाचे पाणी कोणत्या भिंतीवर ओघळते, चुलीच्या धुराने आढे कोठे काळवंडले आहे, उंबरठा कोठे झिजला आहे, हे टिपून ठेवावे. या खुणांवाचून घर नव्या खोक्यासारखे दिसते. त्या असल्या म्हणजे आत कोणी राहते असे वाटते.

एवढा खटाटोप कशासाठी, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर इंग्लंडमधील एका खेड्यात सापडते. रॉय इंग्लंड नावाचे एक गृहस्थ १९२५ साली ऑस्ट्रेलियाहून इंग्लंडला आले. तेथील खेड्यांतील गवताने शाकारलेली जुनी घरे झपाट्याने बदलत आहेत, हे त्यांच्या लक्षात आले. ती घरे थांबवून ठेवणे त्यांच्या हाती नव्हते. पण मोजून ठेवणे होते. १९५४ साली त्यांनी पेंडन संग्रहालय स्थापन केले. तेथे १:७६ या प्रमाणात, खऱ्या घरांची मापे घेऊन, एका जुन्या खोऱ्याचा देखावा उभारण्यात आला आहे. प्रत्यक्षात बदलून गेलेली घरे त्या देखाव्यात अजून आपल्या मूळ रूपात उभी आहेत.

आपल्याकडेही कुडाच्या, शेणाने सारवलेल्या भिंतींची घरे जाऊन त्यांच्या जागी सिमेंटची घरे येत आहेत. पावसाळ्यात कोरडे राहणारे घर कोणाला नको असते? ते यावे यात आनंदच आहे. परंतु जुने घर पाडण्यापूर्वी घरातील एखाद्या मुलाने फूटपट्टी, दोरी व वही घेऊन त्याचे माप घ्यावे. आजीला विचारावे, की कणगी कोठे होती, जाते कोठे होते, गुरे कोठे बांधीत. मग सवडीने पुठ्ठा कापावा. त्या घरापुढून आगगाडी धावली तर उत्तम, न धावली तरी चालेल.

स्वाध्याय

१. दिवाळीच्या किल्ल्यातील कोणत्या गोष्टी प्रमाणाला सोडून असतात?
२. सह्याद्रीचा डोंगर शंकूसारखा का करू नये?
३. माती व वाळू वापरण्यापूर्वी त्यांवरून लोहचुंबक का फिरवावे?
४. तुमच्या शाळेच्या इमारतीची लांबी, रुंदी व उंची मोजा आणि १:८७ या प्रमाणात तिची मापे काढा.
५. तुमच्या गावातील एखाद्या जुन्या घराचे बारकाईने निरीक्षण करून दहा ओळींत वर्णन लिहा.