७ ने भागा आणि पाहत राहा

१,४२,८५७ ही संख्या नुसती वाचली तर तिच्यात काही विशेष वाटत नाही. तिला २ ने गुणा: २,८५,७१४. ३ ने गुणा: ४,२८,५७१. मग ४, ५ आणि ६ ने: ५,७१,४२८, ७,१४,२८५ आणि ८,५७,१४२. दर वेळी तेच सहा अंक, आणि तेही त्याच क्रमाने! भोंडल्याच्या फेरातल्या मुलींसारखे ते एकमेकांचा हात सोडत नाहीत. बदलते ती फक्त सुरुवात. आणि ७ ने गुणताच उत्तर येतं ९,९९,९९९.

हे घडतं कसं? कागदावर १ ला ७ ने भागून पाहा. दहात सात एकदा, बाकी ३. तिसात चारदा, बाकी २. विसात दोनदा, बाकी ६. साठात आठदा, बाकी ४. चाळिसात पाचदा, बाकी ५. पन्नासात सातदा, बाकी पुन्हा १. म्हणजे चक्र नव्याने सुरू. भागाकार आला ०.१४२८५७१४२८५७… ७ ने भागताना शून्य सोडून सहाच बाक्या संभवतात, आणि इथे त्या सहाही एकेकदा हजेरी लावतात. म्हणून २ ला ७ ने भागलं काय किंवा ५ ला, आपण त्याच चक्रात वेगळ्या जागी शिरतो, एवढंच. अशा संख्येला चक्रीय संख्या म्हणतात.

तिची दुसरी ओळख आपल्या मातीतली आहे. नाशिकजवळ देवळालीला शाळेत शिकवणारे द. रा. कापरेकर आयुष्यभर संख्यांशी रमले. त्यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या संख्यांची खूण अशी: ४५ चा वर्ग २०२५, आणि २० अधिक २५ पुन्हा ४५. आता आपल्या संख्येचा वर्ग करा: २०४०८१२२४४९. त्याचे दोन तुकडे करा, २०४०८ आणि १२२४४९. बेरीज? १,४२,८५७!

हाही योगायोग नाही. या संख्येतून १ वजा केला तर उरतात १,४२,८५६, म्हणजे ७ × २०४०८. त्यामुळे वर्गातून आपली संख्या वजा केली की नेमकं ९,९९,९९९ × २०४०८ उरतं, आणि तुकडे जुळतात. इथेही तोच ७ आणि तेच सहा नऊ.

अंकांच्या बेरजेने जिला निःशेष भाग जातो, तिला कापरेकरांनी हर्षद संख्या असं नाव दिलं. आपल्या संख्येच्या अंकांची बेरीज २७, आणि २७ × ५२९१ = १,४२,८५७. एकच संख्या तिन्ही कुळांत बसते! कारण कळल्यावर आश्चर्य ओसरतं, असं म्हणतात. इथे ते दुणावतं.

७ सारखं सगळ्या बाक्यांना एकाच चक्रात गुंफणं प्रत्येक मूळ संख्येला जमत नाही. १३ च्या बारा बाक्या सहा-सहाच्या दोन चक्रांत विभागल्या जातात. १७ आणि १९ ला मात्र जमतं. अशा मूळ संख्या अनंत आहेत का? गणिती एमिल आर्टिन यांनी १९२७ मध्ये मांडलेल्या अटकळीनुसार, हो. पण ते निर्विवादपणे सिद्ध करणं आजवर कुणालाही साधलेलं नाही. तुम्ही निदान १ ला १७ ने भागून पाहाच. सोळा अंकांचं चक्र पूर्ण होईपर्यंत पेन्सिल खाली ठेवू नका.